दापोली ते केळशी, मार्गे मोदक

दापोली समुद्रापासून सुमारे 800 फूट उंचावर आहे. सकाळी सहाला तिथून सायकलवर टांग टाकणाऱ्याला ही गोष्ट फार सुखाची वाटते. आसूदच्या उतारानं, नारळी-पोफळीच्या बागांमधून, पॅडल न मारता खाली सुटायचं की आलं हर्णै. पुढं पाजपंढरी, खाडीवरचा पूल, आंजर्लं, आडं आणि केळशी. डाव्या हाताला समुद्र. जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर. आम्ही पुण्यातल्या काही पन्नाशीच्या मंडळींनी ही एका दिवसाची सफर ठरवली आणि रीतसर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. ग्रुपचं नाव काय ठेवायचं यात पहिला आठवडा गेला. 'सागरस्वार' आणि 'चाकरमानी' ही दोन नावं शेवटपर्यंत टिकली. चाकावरून चाकरमानी, हा खुलासा आमच्या बँकवाल्या मित्राला स्वतःच करावा लागला, तिथंच ते नाव पडलं.

समुद्राच्या कडेनं जाणारा रस्ता सपाटच असणार, असं आमच्यातल्या निवृत्त इंजिनिअरचं ठाम मत. कोकणाला ते मान्य नाही. इथं जांभ्याचे सडे पार समुद्रापर्यंत आलेत आणि मध्ये मध्ये खाड्यांनी त्यांना कापून काढलंय. गावं खाली खाडीच्या तोंडाशी, रस्ता वर. म्हणजे गाव आलं की उतरा आणि गाव संपलं की चढा. एका अ‍ॅपनं या साऱ्याचा आलेख काढून दिला. तो मी ग्रुपवर टाकला, तर डॉक्टरांचा मेसेज आला : "पेशंट कोण आहे? ताबडतोब दाखल करा."

मग मी वाऱ्याचा अभ्यास केला. थंडी सरत आली की या किनाऱ्यावर सकाळी वारा पडलेला तरी असतो, नाही तर जमिनीकडून हलकासा येतो. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत शिरते. दुपारनंतर हा वारा वायव्येकडून चांगला जोर धरतो. केळशी हर्णैच्या उत्तरेला. तेव्हा वारा नसताना, सकाळी सकाळी उत्तरेला जावं आणि परतताना वारा पाठीशी घ्यावा. संध्याकाळी दापोलीचा तो 800 फुटांचा चढ आहेच, त्यालाही वायव्येचा वारा मागून हात देईल. इतकी सुबक योजना माझ्या हातून नोकरीतसुद्धा कधी झाली नव्हती. बाणबीण काढून ती ग्रुपवर टाकली. त्यावर एक अंगठा आला, आणि पाठोपाठ प्रश्न : "मोदक कुठं मिळतील?"

इथून सफरीचं सुकाणू माझ्या हातून गेलं. ग्रुपचे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, हर्णैसारखं बंदर वाटेत असताना माशाशिवाय जेवणं हा गुन्हा आहे. दुसऱ्या तटाला आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीचं दर्शन, मग घरगुती खानावळीत उकडीचे मोदक आणि त्यावर तूप. तडजोड म्हणून दोन्ही जेवणं ठेवावीत असा ठराव बहुमतानं पास झाला, तेव्हा मी चढाची आठवण दिली. माझ्याकडं दुर्लक्ष झालं. मासेवाल्यांतल्या एकानं तर संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव बघून पापलेटं घ्यायची असं जाहीर केलं. ती पुण्यापर्यंत कशी न्यायची, असं विचारल्यावर म्हणाला, "कॅरिअर कशाला असतं?" एकाला सुवर्णदुर्गाला होडीनं जायचं होतं. एकीला आंजर्ल्याच्या वाळूतली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची होती. पिल्लं सोडतात सकाळी लवकर आणि संध्याकाळी, म्हणजे आम्ही नेमके दापोलीच्या चढावर असू तेव्हा.

सामानाचंही तेच. पॅडवाली चड्डी घ्यावी की सीटला जेलची गादी, या एका विषयावर जेवढं लिहिलं गेलं तेवढ्यात एखादा दिवाळी अंक निघाला असता. घरी मी हा पेच मांडला, तर बायको म्हणाली, "हर्णैजवळच्या त्या मुरूडचे ना महर्षी कर्वे? पोरवयात परीक्षेसाठी मित्रांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते. त्यांनी कुठली गादी घेतली होती?" मी तिला पुढचं सांगितलं नाही. तिथं पोचल्यावर, वय फार लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नव्हतं. आम्हाला त्या कारणानं कुणी परत पाठवण्याची शक्यता नाही.

पंक्चरची रंगीत तालीम मात्र घेतली. पार्किंगमध्ये चाक काढलं, टायर लिव्हरनं टायर सोडवला, ट्यूब बादलीत धरून इंच इंच फिरवली. बुडबुडे व्हॉल्व्हच्या अगदी मुळाशी निघाले, जिथं ठिगळ बसत नाही. भोवती जमलेल्यांनी पाच निरनिराळे सल्ले दिले. वॉचमन खेडचा. तो बराच वेळ शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, केळशीला एस्टी जाते."

राहता राहिली खानावळ. तिथं आयत्या वेळी जाऊन चालत नाही, आदल्या दिवशी पानं सांगावी लागतात. काकूंना फोन लावला.

"किती पानं?"

"सहा. आणि मोदक."

"पानामागं किती धरू? पाच?"

"तीन पुरेत काकू, आम्ही सायकलवर आहोत."

पलीकडं जरा थांबल्या. "सायकलवर? मग गाडी मागून येत्ये का?"

"गाडी नाही. जेवून लगेच दापोलीला निघणार."

"लगेच?" काकूंनी तो शब्द चांगला ताणला. "मागे आले होते हो असेच सायकलवाले. तेही तीनच म्हणाले होते. मग सात-सात खाल्लेनी आणि आमच्या ओटीवर आडवे झाले ते दिवेलागणीला उठले. शेवटी ह्यांनी टेम्पो बघून दिला. नंबर आत्ताच लिहून घेता का? सहा सायकली मावतात त्यात."

मी लिहून घेतला. मग योजनेच्या तक्त्यात 'परतीचा चढ' या रकान्यापुढं लिहिलेला वायव्येचा वारा खोडला आणि मोदक पानामागं पाच केले.