विषाणूंचा अनुशेष

शेगावचे मामा पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन परतले ते एक दुःख उराशी घेऊनच. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडलेल्या विषाणूला त्या गावाचं नाव मिळालं, ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. बुलढाणा जिल्ह्याच्या नावावर मात्र एक विषाणू नाही! "सिंचनाचं सोडा, इथंही आपला अनुशेषच," असं ते भेटेल त्या पुढाऱ्याला सुनावतात. पुढारी "पाठपुरावा करतो" म्हणतात.

2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा मामांना आशा वाटली होती. पण पुण्याच्या आघारकर संस्थेने खाऱ्या पाण्यातले हॅलोआर्किया दाखवले. मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

राजकारणावर त्यांचं मत थोडक्यात असं : विषाणू पेशीबाहेर निपचित पडून असतो, आत शिरला की तिच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढतो. "आता एखादा अपक्ष आठवा," म्हणून ते सुपारी कातरतात. (अन्याय विषाणूवरच आहे. तो पाठिंब्याची किंमत मागत नाही.)

अक्षय्य तृतीयेला ते भेंडवळच्या घटमांडणीला हटकून जातात. अठरा धान्यं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, राजाचा पानविडा. रात्र सरली की पहाटे भाकीत. मामांचा दरसालचा प्रश्न, "कंट्रोल घट कुठाय? बाजूच्या वावरात बिनपूजेचा दुसरा मांडा, मग ताडून पाहा!"

"त्याले धान्य कोन देईन, मामा?" शेतकरी विचारतात. संशोधनाला निधी का मिळत नाही, हे मामांना तिथे कळतं.

मग 2025 चा जानेवारी. बोंडगाव, कालवड, हिंगणा इथल्या माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले. बातम्यांत नाव झळकलं, 'टक्कल व्हायरस'. अनुशेष आयता भरून निघत होता. मामांनी फक्त गप्प बसायचं होतं. तर हे पारावर उभे राहून ओरडले, "आधी विषाणू दाखवा!"

"तुमचं काय जाते, मामा? तुमचे त आधीच गेले," कुणीतरी म्हणालं.

पाण्यात नायट्रेट निघालं, आयसीएमआरचं पथक आलं, डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. जिल्ह्याची हाती आलेली संधी मामांनी घालवली, असं गावात अजून बोलतात.

शेगावला आलात तर दर्शन घ्या, कचोरी खा, मामांनाही भेटा. फक्त "जरा व्हायरल आहे" असं म्हणू नका. गाडी चुकेल.