नोट नंबर 36

प्रत्येक बेंजो पार्टीत असा एक असतोच. वाजवण्यापेक्षा उघडून बघण्यात ज्याचा जीव जास्त रमतो, तो. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या पार्टीत तो पॅडवर बसतो. जुन्या इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटचं मॉड्यूल एका पावसाळ्यात बसलं. मालक म्हणाला, नवं घेऊ. हा म्हणाला, "घेताय कशाला? बनवू की!" तेव्हापासून आळीला शांतता नाही.

सगळं खापर मिडीवर. वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ही रीत 1983 मध्ये अमेरिकन आणि जपानी कंपन्यांनी मिळून ठरवली. तारेतून आवाज जात नाही, आकडे जातात. 36 म्हणजे बेस ड्रम, 38 स्नेअर, 39 टाळी. जोर 1 ते 127. हे कळल्यापासून ह्याला दुनिया आकड्यांतच ऐकू येते. शेजारच्या काकूंनी दार आपटलं: "36." कुकरचं झाकण पडलं: "49, क्रॅश." एका सत्कारात पाहुण्यांचं भाषण एकदाचं संपलं, तर म्हणतो, "39. जोर जेमतेम 12." धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात, सगळं रोहं हात जोडून उभं असतं. बूट आपटले तसा हा माझ्या कानाशी पुटपुटला, "36. जोर 110."

मॉड्यूलच्या सामानासाठी दिवा जंक्शनच्या गाडीने मुंबई गाठायची, लॅमिंग्टन रोडवरून पिशवीभर माल आणायचा. पिशवीत आर्डुइनो नॅनोचा बोर्ड, रेझिस्टर आणि पिएझोच्या पितळी चकत्या. चकतीवर टिचकी मारली की वीज उठते, बोर्ड तिचा आकडा करतो. मग चकती कशालाही चिकटवता येते, आणि ह्याने ती कशालाही चिकटवली. एका संध्याकाळी आई भाकऱ्या थापायला बसली आणि माडीवरच्या स्पीकरमधून स्नेअरचा रोल सुरू झाला. परातीच्या बुडाला 38! "मेल्या, पिठात वायरी?" वरून आवाज आला, "आई, थांबू नकोस, जोर बघतोय!"

मग दुखणी निघाली. स्नेअरवर मारलं की बेसही बोलायचा, कारण दोन्ही एकाच पट्टीवर. तिथे जुन्या स्लिपरचे तुकडे गेले. एका फटक्याला दोन आवाज यायचे, कारण चकती थरथरत राहते; तेव्हा फटका लागला की काही मिलिसेकंद बहिरं व्हायचं, असं बोर्डाला शिकवावं लागलं. घरच्यांना ही विद्या आधीच अवगत होती.

"नवं घेऊन मोकळे व्हा ना बाबा," मी एकदा वैतागून म्हटलं. त्याने मोबाइलवर जनरल मिडीची 1991 ची यादी समोर धरली. 35 ते 81, तालाचे 47 आवाज. "बघ. क्युबाचे बोंगो आहेत. ब्राझीलची कुइका आहे. शिट्ट्यासुद्धा दोन, आखूड आणि लांब. आता ढोलकी दाखव."

ढोलकी नव्हती. हलगी नव्हती, खालूबाजातली टिमकी नव्हती.

पॅड आला तेव्हा पार्टीतले ढोलकीवाले काका घरी बसले होते. ह्याने त्यांना खोलीत कोंडून, पंखा बंद करून, एकेक थाप रेकॉर्ड केली होती. 90 ला थाप, 91 ला चाट, 92 ला घुमारा. तिथून पुढे लॅपटॉपमध्ये काकाच काका. "विकतच्या पॅडमध्येही ढोलकी मिळते रे," तो म्हणाला, "पण ती कुणाची, कुणास ठाऊक." माणूस डोकं खातो खरा. पण त्या दिवशी मला त्याला काही बोलवेना.

एका हळदीला मॉड्यूल पहिल्यांदा चाललं. काकांना खुर्ची दिली होती. मान हलवत बराच वेळ ऐकलं, मग त्याला जवळ बोलावून म्हणाले, "चाट जरा लवकर पडतेय. आणि थाप माझी, तर बिदागी कुणाची?"

त्या रात्रीपासून पार्टीच्या हिशेबात एक वाटा वाढलाय. मालक कुरकुरतो, नवं मॉड्यूल स्वस्त पडलं असतं म्हणतो.