अंदाजपंचे कटऑफसे

भाचीला इंजिनीअरिंगच्या सीईटीत ९८.६१४०३२७ पर्सेंटाइल मिळाले. दशांशचिन्हापुढे सात आकडे! आमच्या सराफाने उभ्या जन्मात सोनं इतकं काटेकोर तोललं नसेल. ताईने हे सातही आकडे सगळ्या नातेवाइकांना फोनवर वाचून दाखवले. समोरच्याने तिसऱ्या आकड्यालाच ‘वा वा’ केलं तरी ती थांबली नाही.

या काटेकोरपणाचा उगम मात्र मला ठाऊक आहे. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण. शेवटच्या पाच मिनिटांत भाचीने सहा गणितं डोळे मिटून ठोकली, असं तिनेच मला खासगीत सांगितलं. म्हणजे अंदाज परीक्षेच्या हॉलमध्येच सुरू झाला. निकालानंतर तो फक्त घरी आला.

घरी आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांच्या हाती. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरण कधी भरेल हे सांगण्यात नोकरी गेली, आता कोणाचा नंबर कुठे लागेल हे सांगण्यात निवृत्ती चालली आहे. त्यांच्या लॅपटॉपवर मागच्या पाच वर्षांचे कटऑफ एक्सेलमध्ये आहेत आणि जीओपेन्स, एलओपेनएच, टीएफडब्ल्यूएस हे जागांच्या प्रवर्गांचे शब्द ते विष्णुसहस्रनामासारखे न अडखळता म्हणतात.

“सीओईपी कॉम्प्युटर विसरा,” अण्णा पहिल्याच वाक्यात म्हणाले. ते आम्ही केव्हाच विसरलो होतो. १८५४ साली बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून पुण्यात जो वर्ग निघाला, तोच पुढे सीओईपी होऊन २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठ झाला. त्या पहिल्या वर्गाच्या उमेदवारांना कोणी सात दशांश स्थळं विचारली असतील असं वाटत नाही. आता ९८ म्हटलं की तिथल्या कॉम्प्युटरवाल्यांना ते बारावी नापास झाल्यासारखं ऐकू येतं. हिशेब सरळ आहे. चार लाख मुलं बसली असं धरा. ९८.६ म्हणजे तुमच्या पुढे साडेपाच हजार. तुम्ही शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना मागे टाकलंत याचा आनंद पेढेवाल्याला. रांग उरलेल्या दोघांचीच असते.

“मग तिथलं सिव्हिल?” भाचीने विचारलं.

अण्णांनी एक्सेल खालीवर केलं. “ऐंशी टक्के चान्स.”

हा ऐंशी टक्क्यांचा आकडा मला फार आवडतो. सीट मिळाली तर अण्णा बरोबर. नाही मिळाली तर उरलेले वीस टक्के सांगितले होतेच. मेव्हण्यांनी एका समुपदेशकाला पैसे मोजून हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्याने पासष्ट सांगितले. मोबाइलवरच्या प्रेडिक्टरने पिवळा रंग दाखवला. ताईने तिघांची सरासरी काढायचा प्रयत्न केला, पण पिवळ्याचं काय करायचं ते तिला कळेना.

मुळात कटऑफ कॉलेज ठरवतच नाही, हे फार कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या जागेवर शेवटी जो बसला त्याचे पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. बस निघून गेल्यावर शेवटच्या पायरीवर कोण लोंबकळत होतं त्याची ही नोंद. पुढची बस किती भरेल ते त्यावरून काढायचं. त्यातही पेपर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शिफ्टला. मग सगळ्यांना एका मापात आणायला नॉर्मलायझेशन. मी ओळखीतल्या अकरा घरी चौकशी केली. अकराच्या अकरा मुलांच्या शिफ्टला पेपर अवघड होता. सोप्या शिफ्टला बसलेला मुलगा महाराष्ट्रात कोणी पाहिला असेल तर कळवावे.

या दिवसांत माणसं मनाने फार मोठी होतात, हेही सांगायला हवं. एरवी शेजारच्या मुलाला बक्षीस मिळालं तर ‘हल्ली सगळ्यांनाच देतात’ म्हणणाऱ्या ताईने यंदा पुढच्या साडेपाच हजार मुलांसाठी देव पाण्यात घातले होते. त्या सगळ्यांना आयआयटी मिळावी, नाहीतर निदान एनआयटी. दूरची मिळाली तरी चालेल, पण मिळावी. ती मुलं तिकडे गेली की इथल्या जागा सुटणार, आणि प्रवेशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत रांग पुढे सरकणार. समोरच्या इमारतीतला मुलगा मुंबईच्या आयआयटीत लागला, तेव्हा त्याच्या आईच्या आधी ताईने साखर वाटली. व्हीजेटीआयची हाव असलेल्या एका गृहस्थांनी तर ‘अमेरिकेत पदवीचं शिक्षण का घ्यावं’ यावर अख्ख्या सोसायटीला लेख पाठवला.

२०२५ पासून या फेऱ्या चार झाल्या आणि अण्णांच्या दारातल्या चपला वाढल्या. फॉर्मात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की सीट गोठते, मग पुढच्या फेरीत बेटरमेंट नाही. मेव्हण्यांचं म्हणणं, न मिळणारं कॉलेज वर टाकलं की खालचं मिळणारंही हुकतं. असं काही नसतं. जागावाटप गुणानुक्रमे होतं, वरचं नाही मिळालं तर यंत्र मुकाट खाली येतं. हे मी दोनदा समजावलं. मेव्हणे म्हणाले, “यंत्राचं ठीक आहे हो, पण उगाच कशाला डिवचा?”

अण्णांची खरी चाल वेगळीच होती. “यंदा सगळे एआय आणि डेटा सायन्सवर पडणार. आयटी खाली येणार. तुम्ही आयटी वर घ्या.” हा सल्ला त्यांनी आमच्या सोसायटीतल्या चौघांना दिला होता. असे अण्णा पुण्यात दर तिसऱ्या मजल्यावर एक, आणि सगळ्यांकडे एक्सेल तेच.

त्या संध्याकाळी मेव्हण्यांचे थोरले भाऊ, दादा, निफाडहून आले होते. घरचा कांदा आहे. ते इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होते.

“म्हंजी गेल्या साली ज्याला भाव होता तेच समद्यांनी लावायचं?”

“नाही, दादा,” अण्णा म्हणाले. “गेल्या वर्षी ज्याला भाव होता ते सगळे लावणार, म्हणून आपण दुसरं लावायचं.”

“आन् हे समद्यांला म्हाईत?”

अण्णा जरा थांबले. “अभ्यास असलेल्यांना.”

“मंग आमच्यासारखंच की,” दादा म्हणाले. “गेल्या साली लोकांनी कांदा लय लावला, पडला. म्हून यंदा निम्म्यांनी सोडला. ते पाहून उरलेल्या निम्म्यांनी दुप्पट लावला.” मग फेऱ्या चार असतात हे कळल्यावर त्यांना हेवाच वाटला. लासलगावला बोली पटली नाही तर ट्रॅक्टर माघारी न्यायचा, आणि डिझेल आपल्या अंगावर.

भाची तोवर आतल्या खोलीत गेली होती. पहिल्या पर्यायात सिव्हिल टाकून तिने फॉर्म लॉक केल्याचं आम्हाला मेव्हण्यांच्या मोबाइलवर मेसेज आल्यावर कळलं. अण्णांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “चालेल. मी ऐंशी टक्के सांगितलंच होतं.”

दादा निघाले. चपला घालता घालता दारात थबकले, मागे वळून म्हणाले, “अण्णा, चाळीतला उन्हाळी कांदा आत्ताच इकू का आजून ठिवू? तुम्हाला काय दिसतंय?”

अण्णांनी लॅपटॉप पुन्हा उघडला. नवी शीट घेतली.

“मागच्या पाच वर्षांचे भाव सांगा.”