शुभकार्यात वाद नको

डेकोरेटरने ऑर्किड कबूल करून झेंडू लावला, तोही प्लॅस्टिकचा, की घरात पहिला ठराव पास होतो: शुभकार्यात वाद नको. ठराव मांडणारे काका असे, की ज्यांचा एक रुपयाही ॲडव्हान्समध्ये गेलेला नसतो. ठेकेदार मंडळी याच वाक्यावर बंगले बांधतात. मुहूर्त पुढे ढकलता येत नाही, हे त्यांना भटजींपेक्षा पक्कं ठाऊक असतं.

वरात गेली, की पुरावे शोधायचे. करार म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर 'स्टेज, गेट, २ कमानी' आणि खाली एक गिचमीड सही. पावती मागितली असती, तर 'विश्वास नाही का साहेब?' ऐकावं लागलं असतं. असो. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं ते 'होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ' जपून ठेवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने नाही भागलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच: मुदत २ वर्षं, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. २ वर्षांत बहुधा लग्नाचा अल्बमही हाती पडेल. नाही पडला, तर फोटोग्राफरसाठी वेगळा अर्ज करा.