उन्हाच्या आधीचा रविवार

"काय ओ वहिनी, गेली का तुमची पुण्याची ननंद?"

"गेली बाई एकदाची. काल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. तुम्ही जरा इकडं सरका, तिथं ऊन येऊलालंय."

नांदेडच्या भाग्यनगरातल्या आमच्या दोन घरांमधली भिंत छातीइतकी उंच. पलीकडं वहिनी, अलीकडं मी, आणि फाल्गुन संपत आला की दोन्हीकडं चिंचेची पोती. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके बाजूला. हात कामात असले की तोंड मोकळं राहतं, आणि मोकळ्या तोंडाचा आम्ही दोघी पुरेपूर उपयोग करतो. वहिनींचं माहेर लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातलं. तिथल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ही बातमी त्या अजूनही दर अर्ध्या तासाला नव्यानं सांगतात. आम्हा नांदेडकरांना ती पाठ झाली आहे.

"तर काय म्हणत होती पाहुणी?"

"म्हणणार काय? शनिवारी अकरा वाजता आंघोळी उरकल्या, चहा झाला, आणि मग विचारूलाली, 'वहिनी, इथं वीकेंडला मुलांना न्यायचं तरी कुठं? काहीच नाही का तुमच्याकडं?' मी म्हणलं, काही नाही कसं? सगळं आहे, फक्त अकरा वाजता नाही."

मला हसू आवरेना. इथल्या मार्च महिन्याचं सगळं शास्त्र वहिनींनी एका वाक्यात सांगितलं होतं. पुण्या-मुंबईत वसंत म्हणजे दिवसभर हिंडायचा ऋतू असेल. नांदेड-लातूरला तो दिवसाच्या दोन टोकांना असतो, पहाटेपासून साडेनऊ-दहापर्यंत आणि मग पाचच्या पुढं. मधला दिवस पंख्याचा. हे ज्याला कळलं त्याला इथं सुट्टी पुरत नाही. ज्याला कळत नाही तो मॉल शोधत बसतो.

"मॉलचंच चाललं होतं आधी," वहिनी म्हणाल्या. "मी विचारलं, तुमच्या मॉलात काय करतात मुलं? तर म्हणे पार्किंगलाच पाऊण तास जातो, मग काहीतरी खातात आणि येतात. पाऊण तासात आमच्याकडं माणूस कंधारला पोचतो."

"पाऊण तासात नाही पोचत," गल्लीच्या पलीकडून आवाज आला. काका. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचतात, म्हणजे आमचं ऐकतात. "पन्नासेक किलोमीटर आहे. सव्वा तास धरा. आणि निघायचं सहाला."

काकांना कंधारचा भारी जिव्हाळा. त्यांच्या मते लेकरांना दाखवायला कंधारसारखा किल्ला नाही, कारण तिथं डोंगर चढावा लागत नाही. भुईकोट आहे, भोवती पाण्याचा खंदक. राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या कृष्णाचं नाव त्याच्याशी जोडतात, म्हणजे दहाव्या शतकापर्यंत मागं गेलात. पुढं बहामनी, मलिक अंबर, मोगल, निजाम, सगळे येऊन गेले. गावाजवळचा जगत्तुंग सागरही राष्ट्रकूट काळातला.

"लेकरांना इतकं सगळं सांगत बसू नका," काका म्हणतात. "एवढंच सांगा की शत्रूला आत यायचं असेल तर हे पाणी ओलांडावं लागायचं. मग बघा, एकेक कसा शत्रू होतो ते. साडेदहाला मात्र परत फिरायचं. दगड तापला की किल्ला कुणाचाच नाही."

"पण पाहुणीला कंधार कुठं पटलं!" वहिनी पुन्हा मूळ विषयावर आल्या. गप्पांत इतिहास फार वेळ टिकत नाही. "तिनं मोबाइल काढला आणि सहस्रकुंड दाखवलं. पांढरंशुभ्र पाणी कोसळूलालंय, तुषार उडूलालेत. म्हणे आपण इथंच जायचं."

"अहो, पण ते पावसाळ्यातलं असणार!"

"तेच तर! यांनी सांगितलं, मी सांगितलं, पण ऐकतंय कोण? शेवटी हे म्हणाले, जाऊ द्या, एकदा बघू द्या. शंभरेक किलोमीटर गेलो इस्लापूरच्या बाजूला. तिथं काळे कातळ, आणि पैनगंगेची एक बारीक धार. धाकटा विचारतो, 'आई, नळ कुणी बंद केला?'"

काकांनी पेपर खाली ठेवला. "सहस्रकुंड आषाढ-श्रावणात बघायचं. मार्चात त्या बाजूला जायचंच तर पुढं माहूरला. देवीचं दर्शन, तांबूल खायचा, आणि ऊन चढायच्या आत दत्तशिखर करून घ्यायचं."

"थांबा ना काका, गंमत पुढंच आहे." वहिनींनी हातातली चिंच ठेवली, म्हणजे आता खरी गोष्ट येणार. "परत येताना किनवटच्या जंगलाची कड लागली. सागाची पानं गळालेली, सगळं रान उघडं, आणि मधेमधे पळस. एक पान नाही अंगावर, नुसता केशरी. हे गाडी थांबवून म्हणाले, उतरा रे. पाहुणी म्हणते, 'इथं काय आहे?' लेकरं मात्र उतरली. खाली पडलेली फुलं गोळा केली, पिशवी भरून. रात्री घमेल्यात पाणी टाकून भिजत घातली, सकाळी चांगला केशरी रंग उतरला. धुळवडीला त्यानंच खेळली. दहा वेळा मला विचारलं, मामी, हा रंग खरंच फुकट असतो का?"

आता हे ऐकून मला जे वाटलं ते सांगते. सहलीचं ठिकाण फसलं की वाटेवरचं काहीतरी कामाला येतं, पण त्यासाठी गाडी थांबवणारा माणूस लागतो. गाडीच्या काचा वर, थंड हवा चालू, मुलांच्या हातात फोन, असं असलं तर पळस फुलला काय आणि वाळला काय. वहिनींचे यजमान एरवी घरात बोलत नाहीत, पण गाडी थांबवायची जागा त्यांना बरोबर कळते.

"धुळवडीला होला बघितला की नाही तिनं?" समोरच्या भाभी पाण्याची बादली घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या नांदेडचं, मराठी आमच्यापेक्षा चोख. होला मोहल्ल्याचा विषय भाभींवाचून पुरा होत नाही.

"बघितला तर! आधी भीत होती. म्हणे तलवारी असतात, गर्दी असते, लेकरांना कसं न्यायचं?"

"कडेला उभं राहायचं, घोड्यांपासून लांब, एवढंच," भाभी म्हणाल्या. गुरू गोबिंदसिंगजींनी आनंदपूरला सुरू केलेला हा उत्सव नांदेडला होतो तो तख्त सचखंड गुरुद्वाऱ्याच्या समोरून निघणाऱ्या मिरवणुकीनं. निशाण साहिब पुढं, सजवलेले घोडे, निहंग शिखांचे निळे फेटे, आणि मग एका क्षणी सगळे धावत सुटतात, तो हल्ला. बाकी गाव रंगानं भिजून झोपलेलं असतं तेव्हा, दुपार कलल्यावर, हे सुरू होतं. वेळेचं गणित इथंही तेच.

"पाहुणी बघतच राहिली," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, जणू पुण्याला ऐकू जाईल. "पण खरी मजा दुसऱ्या दिवशी. गुरुद्वाऱ्यात पहाटे नेलं मी त्यांना. डोक्याला रुमाल बांधले, पाय धुतले, आत दर्शन. मग लंगर. तिथं बायका पोळ्या लाटत बसलेल्या. थोरला जाऊन बसला त्यांच्यात! तासभर लाटल्या, ओ. घरी पाण्याचा ग्लास उचलत नाही म्हणे. त्याची आई फोटो काढूलाली, आणि मी म्हणलं, फोटो नंतर काढा, तुम्ही बी बसा."

"बसली?"

"बसली. दोन लाटल्या. एक त्रिकोणी झाली."

आम्ही तिघी हसलो. काकांनी पेपराआडून हसून घेतलं.

खरं सांगायचं तर नांदेडातल्या माणसालाच गुरुद्वाऱ्याची सवय होऊन जाते. १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंगजींनी इथंच ग्रंथसाहिबला गुरुगादी दिली आणि इथंच देह ठेवला. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलेली. पंजाबातून लोक दीड-दोन दिवस गाडीत बसून येतात, आणि आपण पाहुणे आले तरच जातो. गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीला, २००८ साली, गाव बदललं ते आठवतं. रस्ते रुंद झाले, गोदावरीचे घाट बांधून निघाले. तेव्हापासून संध्याकाळी घाटावर पायऱ्यांवर बसून भेळ खायची सोय झाली. गोबिंद बागेतला लेझर शो लेकरांना फार आवडतो, पण चालू आहे का ते आधी विचारून जावं, नाहीतर रडारड.

"सगळं नांदेडचंच चाललंय," वहिनी एकदम सावध झाल्या. "लातूरला काय नाही का? सिद्धेश्वराची यात्रा बघा. महाशिवरात्रीपासून पंधराएक दिवस. पाळणे, कुस्त्या, जनावरांचं प्रदर्शन. लेकरू एकदा पाळण्यात बसलं की तुमचा लेझर विसरतं. आणि गंजगोलाई? सोळा रस्ते एका जागी येतात, मधे अंबाबाई. लहानपणी बाबा मला मधोमध उभं करून म्हणायचे, आता घरचा रस्ता सांग. मी रडायची."

"मोठा खेळ हो!"

"खेळच होता. आता माझ्या लेकीला मी तेच करते, ती गुगलला विचारते."

मग औसा तालुक्यातली खरोसा लेणी आली. जांभ्या दगडातली, सहाव्या शतकातली मानतात, टेकडीवर, सकाळीच जायचं. मग उदगीर. वहिनींना उदगीरचा अभिमान वेगळाच. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं हरवलं, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. "भाऊ मोठा विजय आमच्याकडंच मिळवून गेले," असं त्या म्हणतात, जणू शिदोरीही यांच्याच घरून दिली होती. काकांनी आठवण काढली की २०२२ चं साहित्य संमेलन उदगीरला झालं, तेही एप्रिलच्या शेवटी. "लेखक लोक दुपारी मंडपात बसले होते," ते म्हणाले. "वेळ बघून कार्यक्रम ठरवायला कंडक्टर लागतो."

"आणि चाकूरचं साई नंदनवन?" मी विचारलं. "तिथं पाण्याच्या घसरगुंड्या आहेत म्हणे."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. "नेलं होतं लेकीला. तिला आवडलं. पण मला तिथं सुचत नाही. २०१६ ला माझी आई लातुरातच होती. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा. घागर भरून झाली की नळाखालचा थेंबसुद्धा तांब्यात धरायची. आता लेकरं पाण्यात उड्या मारतात, मारू देत. मी बाहेर सावलीत बसते."

यावर कुणी काही बोललं नाही. भाभींनी बादलीतलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं.

"बरं, ते जाऊ द्या," वहिनींनीच विषय बदलला. "येत्या रविवारी काय करायचं? पाहुणे नाहीत, आपणच जाऊ. देगलूरकडं होट्टलची मंदिरं मी बघितलेली नाहीत. चालुक्यांच्या काळातली आहेत म्हणे, भिंतीवरची शिल्पं फार सुंदर."

"रविवारी?" मी म्हणाले. "आमच्या कन्येची टेस्ट आहे. आठ ते अकरा."

हा इथला खरा अडसर. उन्हाला दोन टोकं तरी आहेत, क्लासला तेही नाही. शिकवणीच्या लातूर पॅटर्ननं राज्याला डॉक्टर-इंजिनिअर दिले, नांदेडही त्याच वाटेनं गेलं, आणि दोन्ही गावांतल्या अकरावी-बारावीच्या लेकरांचा रविवार टेस्ट सिरीजनं नेला. बाहेरगावाहून हजारो मुलं इथं खोल्या करून राहतात. त्यांच्या आया रविवारी डबे घेऊन येतात आणि मुलाला भेटतात ती क्लासच्या जिन्यात. तीच त्यांची सहल. मुलांनी अभ्यास करू नये असं मी म्हणत नाही, माझीही लेक करतेच. पण पहाटेचा थंड वेळ पुस्तकाला आणि दुपारचा उन्हाचा वेळ सुट्टीला, ही वाटणी कुणी केली?

"मग शनिवारी?"

"शनिवारी सकाळची शाळा, धाकट्याची."

"मग संध्याकाळीच," काकांनी निकाल दिला. "होट्टल राहू द्या दिवाळीनंतर. रविवारी साडेपाचला निघायचं, विष्णुपुरी. धरणाचं पाणी बघायचं, काळेश्वराचं दर्शन, काठावर डबा खायचा, आठला घरी. मुलीला म्हणावं वही आणू नकोस."

"एवढी मोठी उपसा सिंचन योजना म्हणून पाठ्यपुस्तकात असते ती हीच," मी म्हटलं. "ती म्हणेल, आई, हे टेस्टला येणार आहे का?"

"येणार आहे म्हणून सांगा, म्हणजे येईल," वहिनी म्हणाल्या. "धपाटे मी करते. ठेचा बी मीच. दही मात्र तुमच्याकडचं, आमचं या उन्हात फार आंबट होऊलालंय. आणि भाभी, तुम्ही येणार ना?"

"येते. पण रिक्षात काकांच्या शेजारी कोण बसणार ते आधी ठरवा. वाटेत प्रत्येक थांब्याचं नाव सांगतात."

"सांगणारच," काका म्हणाले. "आणि सुट्टे पैसे काढून ठेवा."