गॅस गेला असेल

नागपुरात मे महिन्यात एसी बंद पडत नाही. तो चालूच असतो. हिरवा दिवा, पंख्याची झुळूक, पट्टीचं वर-खाली होणं, सगळं यथास्थित. थंड तेवढं करत नाही. बंद पडलेल्या यंत्राची निदान चीड तरी येते. इथे आपण अर्धा तास 'आत्ताच तर लावलाय, होईल' असं एकमेकांना समजावत बसतो, आणि मग कुणीतरी रिमोट उचलून २४चे १८ करतं. साध्या एसीत याने काही होत नाही. कॉम्प्रेसरला एकच वेग ठाऊक असतो. कुठे थांबायचं एवढंच आकडा त्याला सांगतो, आणि तो तर अजून निघालेलाच नसतो.

मग निदान सुरू होतं, आणि ते एकच असतं: गॅस गेला असेल. शेजारचे काका म्हणतात, वॉचमन म्हणतो, मेहुणा पुण्याहून फोनवर म्हणतो. लहानपणी पोर किरकिरं झालं की दृष्ट लागली म्हणायचे, तसंच हे. गॅस दिसत नाही, गेला तर कुठे गेला हे कुणी विचारत नाही, आणि घरातल्या कुणावर बालंटही येत नाही.

वास्तविक हा गॅस वापरून संपणारा नव्हे. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. आत खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, बाहेर ती उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतंय, आणि गळती न बुजवता भरला तर पुन्हा जाणार. 'आपण दरवर्षी गॅस भरून घेतो' असं अभिमानाने सांगणारे गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत. त्यांचा मेकॅनिकही त्यांना फार मान देतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे वेगळाच चमत्कार झाला. बाहेर पारा ४४वर, खोलीत घामाच्या धारा, आणि इनडोअरचं झाकण उघडून बघतो तर कॉइलवर पांढराशुभ्र बर्फ! एसीचा टन हा मुळात बर्फाचाच हिशोब आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढणारा तो एक टनाचा एसी. आमच्या दीड टनीने हा बर्फ फारच मनावर घेतला होता. कारण निघालं फिल्टर. त्यावर धूळ, केस आणि गादीच्या कापसाची करडी साय धरली होती. हवा आत शिरत नव्हती, म्हणून कॉइलला उष्णता मिळत नव्हती. कॉइल शून्याखाली गेली, तिच्यावर बर्फ धरला, आणि उरलीसुरली हवा त्या बर्फाने अडवली. फिल्टर नळाखाली धुतला, बर्फ वितळेपर्यंत एसी बंद ठेवला, झालं. मेहुण्याला हे पटलं नाही. गॅस कमी असला तरी बर्फ धरतो, असं त्याने ऐकवलं. ते खरंही आहे. अधूनमधून खरं ठरतं म्हणूनच तर हे निदान टिकून आहे.

यंदाचा पहिला मेकॅनिक गाडी स्टँडवर लावतानाच 'गॅस' म्हणाला. दुसरे आले ते वयस्कर होते. इनडोअरकडे न बघता थेट गच्चीवर गेले आणि आउटडोअरच्या दोन नळ्यांतल्या जाड नळीवर त्यांनी तळवा ठेवला. ही नळी गार हवी, तिला घाम सुटलेला हवा. ती गच्चीइतकीच तापली होती. मग त्यांनी मला हातानेच गप्प केलं. पंखा फिरत होता, पण त्याखालून बारीक 'हुंऽऽ' यायचं आणि लगेच 'टक'. थोड्या वेळाने पुन्हा हुंऽऽ, पुन्हा टक.

"कॉम्प्रेसर उचलून नाही राहिला," ते म्हणाले.

मेन बंद करून त्यांनी बाजूचा पत्रा काढला. आत चंदेरी डबी होती, तिची सपाट असायला हवी ती टोपी फुगली होती. हात लावण्याआधी त्यांनी तिच्या टोकांवर पेचकस आडवा धरला. चट्‌कन ठिणगी उडाली. "मेन बंद केली तरी हे करंट धरून ठेवते. तुमी हात नका लावू जी." हा कपॅसिटर. कॉम्प्रेसर सुरू व्हायला जो रेटा लागतो तो याच्यामुळे मिळतो. डबीवर ५० मायक्रोफॅरड छापलं होतं, मीटर १९ दाखवत होता. भर उन्हातल्या पत्र्याच्या खोक्यात, खोलीतली उष्णता बाहेर फेकणाऱ्या कॉइलच्या शेजारी, याला बसवणाऱ्याचं मला नवल वाटलं.

नवा बसवला. कॉम्प्रेसरने एका दमात उचललं, आणि पाचेक मिनिटांत जाड नळीवर थेंब जमले. गॅस भरायला हजारो लागले असते, हे काही शेकड्यांत भागलं.

चहाला मी त्यांना एसीच्या खोलीत बसा म्हटलं. ते पंख्याखालीच बसले. पुन्हा उन्हात जायचं, डोकं धरतं म्हणाले. तुमच्या घरी कुठला एसी, असं मी विचारलं.

"आपल्याकडं कूलरच हाये जी," बशीत चहा ओतत ते म्हणाले. "त्याचं काही बिगडलं तं दिसते तरी."