धुळ्यात बसून वापिती कसा मारावा : नवशिक्यांसाठी पाठ

पाठ पहिला : सावज

शिकारी आधी सावज ठरवतो, मग हत्यार. तुम्ही हत्यार आधी ठरवलंत. हरकत नाही, रात्री दोन वाजता मोबाइलवर कोलोरॅडोचे व्हिडिओ बघणाऱ्या प्रत्येकाचा क्रम हाच असतो. बर्फ, पाइनची झाडं, गुडघ्यावर बसलेला गोरा गडी आणि पाचशे यार्डांवर शिंगांचा पसारा मिरवत उभा असलेला तीनशे किलोंचा नर वापिती. हे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण लळिंगच्या कुरणात नाही, अनेर धरणाकाठी नाही, यावल अभयारण्यातही नाही. यावलला सांबर आहे. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याचं कलम 9 शिकारीला सरसकट मनाई करतं, तेव्हा सांबराचा विचार इथेच सोडा.

उरले पीक खाणारे रोही आणि रानडुक्कर, तेही परवानगी मिळाली तरच. रोह्याचा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, म्हणजे वजनात फार लाजायचं कारण नाही. फरक एवढाच, की वापितीच्या मागे डोंगर चढावा लागतो आणि रोही स्वतः चालत तुमच्या मक्यात येतो. पाचशे यार्डांची त्याला हौस नाही. तुम्ही खाटेवर घोरत असता तेव्हा तो खाटेपासून पन्नास पावलांवर हरभरा खात असतो.

वाघाबद्दल विचारू नका. खान्देशात वाघ होते, भरपूर होते. जुन्या गॅझेटिअरात नोंद आहे की 1822 च्या मे, जून, जुलै या तीन महिन्यांत हिंस्र श्वापदांनी पाचशे माणसं आणि वीस हजार गुरं मारली. 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमने पुढच्या दहा वर्षांत वाघांचा असा फडशा पाडला, की नंतरच्या नवशिक्यांना शिल्लक काही राहिलं नाही. त्याच्याकडे मॅग्नम नव्हती. नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक होती आणि जंगल पायाखालचं असलेले भिल्ल सोबत होते. चरित्रकार बंदुकीचं आणि साहेबाचं कौतुक करतात. माग काढणाऱ्यांची नावं फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत.

पाठ दुसरा : रायफलची निवड

मॅग्नम म्हणजे मोठं कवच, जास्त दारू, जास्त वेग, आणि खांद्याला जास्त धक्का. .375 हॉलंड अँड हॉलंड 1912 ची. .338 विंचेस्टर 1958 ची, 7 एमएम रेमिंग्टन 1962 ची, .300 विंचेस्टर 1963 ची. या चौघींपैकी कोणती श्रेष्ठ यावर पाचकंदीलच्या टपरीवर तीन कटिंग चहा होईपर्यंत वाद घालता आला, की निवडीचा अभ्यास पुरा झाला असं समजा. वाद घालताना एक गोष्ट मात्र बोलू नका, बैठक मोडते. कोलोरॅडोच्या नियमात वापितीसाठी किमान .24 कॅलिबरची रायफल चालते, आणि 1925 ची .270 किंवा 1906 ची .30-06 घेऊन लोक शंभर वर्षं मुकाट वापिती मारत आले आहेत.

आता दुकानात चला. 1980 च्या दशकापासून साध्या नागरिकाला परदेशी रायफल सहजी मागवता येत नाही. देशात आधीपासून असलेल्या जुन्या विलायती रायफली हातोहात फिरतात आणि जमिनीच्या भावाने विकल्या जातात. .303 लष्करी बोअरची म्हणून निषिद्ध. राहते ती इशापूरच्या सरकारी कारखान्याची .315. सांगाडा ली-एन्फिल्डचा, काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या मॅनलिखरचं. .303 प्रजेच्या हाती पडू नये म्हणून साहेबाच्या काळात हे लग्न लावलं गेलं. दिसायला रांगडी, पण जवळच्या रोह्यासाठी पुरून उरते. मॅग्नम म्हणवत नाही, एवढंच तिचं वैगुण्य.

सीमेपलीकडच्या उमर्टीकडून ‘स्वस्तात काम होईल’ असं कुणी कानात सांगितलं, तर चहाचे पैसे देऊन टपरी सोडा. गावठी कट्ट्याने रोही मरत नाही. तुरुंग मात्र नक्की मिळतो.

पाठ तिसरा : काडतूस घरी भरणे

या विद्येचा गाभा हाच. उडवलेलं पितळी कवच पुन्हा मापात दाबायचं, तळाची जळकी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून भरायची, वर गोळी बसवायची. तोलण्याचं माप ग्रेन. जळगावच्या सराफांना लगेच समजेल असं सांगायचं, तर एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन बसतात, आणि इथे दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलतात. सोनं गुंजभर कमी भरलं तर गिऱ्हाईक भांडतं. दारू जास्त भरली तर बोल्ट गालात घुसतो.

टपरीवर एक आबा येतात, वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. भुसावळच्या पुढे 1964 पासून लष्करासाठी काडतुसं बनवणारा हा कारखाना उभा आहे. म्हणजे काडतूस भरण्याचं खरं ज्ञान अमेरिकेत शोधायची गरजच नाही, ते शेजारच्या जिल्ह्यात पेन्शन घेत बसलं आहे. घरी भरण्याचा विषय निघाला की आबा बशी खाली ठेवतात.

“घरी? स्वयंपाकघरात?”

“हो आबा, अमेरिकेत गॅरेजमध्ये भरतात.”

“आमच्याकडे गेजात बसलं नाही ते काडतूस बाद. काडेपेटी दारावर काढून घेत. तुझ्या घरी गॅस कुठे आहे?”

आबांना टाळता आलं तरी कायदा आडवा येतोच. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायलाही परवाना लागतो. स्फोटकांचे नियम वेगळे, त्यांचं मुख्यालय नागपूरला. देवपूरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दारू तोलायला बसलात, तर तो छंद राहत नाही, गुन्हा होतो. तेव्हा हा पाठ नुसता वाचा. काडतुसं परवान्यावर, नोंद करून, परवानाधारक दुकानातूनच घ्या.

हाताने भरायचंच असेल तर खान्देशात परवान्याशिवाय भरता येणारं एक अस्सल हत्यार आहे : गोफण. खडा तुम्हीच निवडा, वजन तुम्हीच ठरवा. मात्र हल्ली रानात जनावर पळवायला प्लॅस्टिकच्या नळीची कार्बाइड बंदूक वाजवतात, तिच्या नादी लागू नका. 2025 च्या दिवाळीत भोपाळकडे कितीतरी पोरांचे डोळे तिने भाजले, आणि त्यांतल्या अनेकांनी ‘बार का झाला नाही’ म्हणून नळीत डोकावून पाहिलं होतं.

पाठ चौथा : परवाना

वय एकवीस पूर्ण हवं. अर्ज ऑनलाइन, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शरीर आणि मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला, पोलिसांची चौकशी, मग जिल्हाधिकाऱ्यांची सही. पीक संरक्षण हेही परवान्याचं मान्य कारण आहे. ‘वापिती’ हे कारण लिहू नका, मनाचा दाखला परत मागतील. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षं चालतो.

हे सगळं मिळालं की निवडणूक लागते. आचारसंहिता जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशी रांग लागली, तर तुमच्या रायफलचा मुक्काम घरापेक्षा ठाण्यात जास्त. रोह्यांना आचारसंहिता नाही. त्या दिवसांत मका त्यांचाच.

पाठ पाचवा : अंतर आणि वारा

.300 मॅग्नमची 180 ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर नेम जुळवून सोडली, तर पाचशे यार्डांवर ती जवळपास एक मीटर खाली जाते आणि पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त घेते. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला अर्धा मीटर बाजूला नेतो. ज्या जिल्ह्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांचं रान उभं आहे, तिथे वारा म्हणजे काय हे मी सांगावं असं नाही.

आणि हुकलेली गोळी? ती विरघळत नाही. अशी गोळी चार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि तापीकाठच्या सपाटीत चार किलोमीटरच्या आत कुणाची तरी खळ्यातली खाट असतेच. कोलोरॅडोत मागे डोंगर असतो. शिंदखेड्यात मागे चुलतभाऊ असतो. दूरची शिकार इथे करू नये याला मला हे एकच कारण पुरतं. कायदा नंतर.

पाठ सहावा : प्रत्यक्ष शिकार

पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याची परवानगी द्यायचे अधिकार 2015 च्या शासन निर्णयाने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे आले. म्हणजे अर्ज, सातबारा, पंचनामा. मारलेलं जनावर कलम 39 प्रमाणे सरकारचं. शिंगं भिंतीवर नाहीत, मटण पातेल्यात नाही. एवढं ऐकल्यावर बहुतेक शेतकरी अर्ज तिथेच ठेवतात, रात्री माळ्यावर बॅटरी घेऊन बसतात, आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरतात. त्यांना तुम्ही शिकारी म्हणणार नाही, पण जागरण त्यांचंच खरं.

पाठ सातवा : तरीही वापितीच हवा असेल तर

भाचा डेन्व्हरला हवा. एच-1बी व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना असेल, तर त्याच कायद्यात सूट आहे. कोलोरॅडोत 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारशिक्षणाचा वर्ग सक्तीचा. रायफलच्या हंगामात अंगावर झगझगीत केशरी किंवा गुलाबी कापड पाचशे चौरस इंच, आणि तशीच टोपी. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे, म्हणून ते पाठीवर लादून उतरावं लागतं. विरळ हवेत. मॅग्नम रायफलही पाठीवरच असते, आणि ती किती जड आहे हे व्हिडिओत कळत नाही.

मग फ्रीजर भरतो आणि भाचा रात्री धुळ्याला फोन लावून खान्देशी काळ्या मसाल्याच्या रश्श्याची कृती विचारतो. मामीचा पहिला प्रश्न : “कुकरले कितल्या शिट्ट्या?” राज्याच्या शिकार-पुस्तिकेत याचं उत्तर नाही. मांसात चरबी कमी, फोडी लवकर कोरड्या पडतात, एवढं त्याला कळलं आहे. मामी जरा विचार करून सांगते : बोकडाले लावस त्यापेक्षा दोन जास्त, आनि तेल सढळ टाक.